डायोड काढला म्हणजे रिग खरंच 'ओपन' होते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. १०० वॉटची एचएफ (शॉर्टवेव्ह) अधिक ६ मीटर बँडची सेकंडहँड हॅम रिग, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचा पाठवणारा-ऐकणारा रेडिओ, हातात आलीये, मित्र म्हणतोय आतला एक डायोड काढला की ती सगळीकडे ट्रान्समिट करते, तर काढावा का, रिगला काही होईल का, ६० मीटर आणि ६३० मीटरचे बँड वापरता येतील का, आणि सोबत एक व्हीएचएफ हँडी (हातात धरायचा, वॉकी-टॉकीसारखा रेडिओ) पण अशीच ओपन करून 'इमर्जन्सीसाठी' ठेवावी का. चार प्रश्न आहेत आणि चारांची उत्तरं वेगवेगळी आहेत, म्हणून जरा लांबण लागेल.

आधी तो डायोड नक्की काय करतो ते बघू, कारण निम्मा गैरसमज तिथेच आहे. त्या डायोडमधून आरएफ, म्हणजे रेडिओ सिग्नल, जातच नाही. तुमची रिग रिसीव्ह तर सलग करते ना, पार मीडियम वेव्हपासून ३० मेगाहर्ट्झच्या पुढेपर्यंत? मग जो लोकल ऑसिलेटर (आत फ्रिक्वेन्सी तयार करणारं सर्किट) रिसीव्हला सगळीकडे फिरतो तोच ट्रान्समिटला वापरलेला असतो, त्यामुळे रिग मुळातच सगळीकडे सिग्नल तयार करू शकते. कंपनीला उलट तिला अडवावं लागतं. आणि अडवायचं तरी कुठे, तर देशागणिक वेगळं. आयटीयू या जागतिक दूरसंचार संघटनेने जगाचे तीन रीजन केलेत, त्यातल्या रीजन २ मध्ये ४० मीटर ७.३०० मेगाहर्ट्झपर्यंत, रीजन १ आणि ३ मध्ये ७.२०० पर्यंत. २ मीटर रीजन १ मध्ये १४६ पर्यंत, बाकी दोन्हीकडे १४८ पर्यंत. प्रत्येक बाजारासाठी वेगळा बोर्ड कोण बनवणार, म्हणून एकच बोर्ड आणि त्याच्यावर डायोडची किंवा सोल्डर पॅडची एक छोटी रांग. रिग चालू होताना प्रोसेसर ती रांग वाचतो, डायोड आहे की नाही म्हणजे एक किंवा शून्य, आणि त्यावरून ठरवतो की पीटीटी (बोलायचं बटण) दाबल्यावर कुठे हो म्हणायचं आणि कुठे नाही. जुन्या रिगमध्ये डायोडऐवजी एखादी वायर असायची, ती कापायची, झालं.

डायोड काढण्याला मार्स मॉड म्हणतात त्याचं मंगळाशी काही नातं नाही हो, अमेरिकेत सैन्याला मदत करणारी हॅम लोकांची मार्स नावाची संस्था आहे, तिच्या फ्रिक्वेन्सी हॅम बँडच्या जरा बाहेर असतात, त्यांच्यासाठी ही सोय ठेवली गेली आणि नाव चिकटलं.

तर डायोड काढून आपण फक्त प्रोसेसरचा नकार काढतो. त्याच्या पुढे जे काही आहे, ड्रायव्हर, फायनल्स (शेवटचे पॉवर ट्रान्झिस्टर), लो पास फिल्टर (ठराविक फ्रिक्वेन्सीच्या वरचं गाळणारा), ट्यूनर, तुमचा अँटेना, ते सगळं हॅम बँडसाठीच बनलेलं आहे आणि तसंच राहतं. कुलूप काढलं म्हणून खोली मोठी होत नाही. यातला सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कमी बोलला जाणारा भाग म्हणजे लो पास फिल्टर, त्याच्यावर जरा थांबतो.

१०० वॉटच्या पॉवर अँपमधून मूळ सिग्नलबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट फ्रिक्वेन्सीचे हार्मोनिक निघतातच, ते गाळायचं काम फायनलनंतरच्या फिल्टरचं. रिगमध्ये असे सहा-सात फिल्टर असतात आणि बँड बदलला की रिले टक करून दुसरा फिल्टर लावतो. साधारण विभागणी अशी असते की एक २.५ ते ४ मेगाहर्ट्झसाठी, एक ४ ते ७.५ साठी, एक ७.५ ते १४.५ साठी, पुढे तसंच. आता ७ मेगाहर्ट्झवर असाल तर दुसरा हार्मोनिक १४ ला, फिल्टर ७.५ नंतर कापतोय, म्हणजे निवांत. १०.१ वर असाल तर हार्मोनिक २०.२ ला, फिल्टर १४.५ नंतर कापतोय, तेही ठीक. पण ओपन केलेल्या रिगवर कोणी ४.२ मेगाहर्ट्झवर पीटीटी दाबलं तर? रिग ४ ते ७.५ वाला फिल्टर लावणार, हार्मोनिक ८.४ ला, म्हणजे कापायच्या जागेच्या जेमतेम पुढे, फिल्टर तिथे नुकता उतरायला लागलेला असतो. पुश-पुल अँप (दोन ट्रान्झिस्टर आलटून पालटून चालणारा) असल्यामुळे दुसरा हार्मोनिक मुळात कमी असतो ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट, पण त्या ८.४ च्या आसपास जहाजांचा एचएफ बँड आहे, तिथे तुमचं काय काम.

म्हणजे नियम सोपा आहे, जिथे ट्रान्समिट करायचं त्याची दुप्पट करा आणि रिगच्या सर्किटमध्ये त्या वेळी कुठला फिल्टर लागतो ते बघा, दुप्पट आकडा फिल्टरच्या वरच्या टोकाच्या बराच पुढे गेला तर ठीक, जवळ किंवा आत पडला तर नाही. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये हे दोन मिनिटांत सापडतं, पण डायोड काढणाऱ्या दहातल्या नऊ जणांनी ते पान उघडलेलंच नसतं.

आता हेच गणित तुमच्या ६० मीटरला लावा. २०१५ च्या जागतिक रेडिओ परिषदेत हॅमसाठी ५३५१.५ ते ५३६६.५ किलोहर्ट्झ असा चिमुकला १५ किलोहर्ट्झचा तुकडा मिळाला. त्याच्या आधीच्या बऱ्याच रिगमध्ये तो ट्रान्समिटला बंद असतो. ५.३६ ची दुप्पट १०.७ च्या आसपास, फिल्टर ७.५ ला संपतोय, म्हणजे हार्मोनिक चांगला दबतो. फायनल्सच्या दृष्टीने पण ४० मीटर आणि ८० मीटरच्या मधलीच जागा, काही त्रास नाही. त्यामुळे ६० मीटरसाठी डायोड काढायला माझी हरकत नाही, अर्थात तुमच्या देशाने तो बँड तुमच्या लायसन्सला दिला असेल तर. एकच गोष्ट लक्षात ठेवा, परिषदेने दिलेली मर्यादा १५ वॉट ईआयआरपी आहे, ही अँटेनाचा गेन धरून मोजतात. साध्या डायपोलचा गेन २.१५ डेसिबल धरला तर अँटेनाला साधारण ९ वॉटच द्यायचे. काही देशांनी वेगळी मर्यादा ठेवलीये, आपली बघून घ्या. १०० वॉटवर नॉब ठेवून 'कोण मोजतंय' म्हणणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका.

६३० मीटरचं मात्र वेगळं आहे आणि इथे मी स्वतः हात पोळून घेतलेत. हा बँड ४७२ ते ४७९ किलोहर्ट्झ, २०१२ च्या परिषदेत मिळालेला, साधारण १ वॉट ईआयआरपी. रिग ओपन केल्यावर ती ४७५ वर काहीतरी पॉवर देते खरी, पण फिल्टर कुठला लागतो? सगळ्यात खालचा, १६० मीटरचा, जो २ मेगाहर्ट्झच्या पुढे कापतो. आता मोजा. ४७५ ची दुप्पट ९५०, तिप्पट १४२५, चौपट १९००. तिन्ही हार्मोनिक त्या फिल्टरमधून आरामात बाहेर. त्यातले पहिले दोन थेट मीडियम वेव्हच्या ब्रॉडकास्ट बँडमध्ये पडतात आणि चौपटवाला १६० मीटर हॅम बँडमध्ये, म्हणजे शेजाऱ्याचा रेडिओ पण तुम्हीच बिघडवणार आणि हॅम मित्राची शिवी पण तुम्हीच खाणार. पुश-पुलचा फायदा दुसऱ्या हार्मोनिकला, तिसऱ्याला नाही, त्यामुळे १४२५ वालाच सगळ्यात दांडगा.

मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा एक अख्खा रविवार लोडिंग कॉइल (आखूड अँटेना जुळवून घेणारी तारेची गुंडाळी) फिरवण्यात घालवला. एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत येते त्याचं माप) दोनच्या खाली येईचना. कॉइलचा एक वेढा कमी कर, दोन वाढव, अर्थिंगच्या तारा वाढव, काही फरक नाही, काटा तिथेच. अँटेना अॅनालायझर मात्र सांगत होता की ४७५ वर मॅच बरोबर आहे. संध्याकाळी डोक्यात प्रकाश पडला की अॅनालायझर एकच फ्रिक्वेन्सी पाठवतो आणि रिग पाठवत होती चार. एवढ्या मोठ्या कॉइलचा अँटेना अगदी अरुंद असतो, मूळ सिग्नल तो घेत होता आणि हार्मोनिक सगळे परत फेकत होता, मीटरला ते रिफ्लेक्टेड पॉवर म्हणून दिसत होते. ६०० किलोहर्ट्झच्या आत कापणारा सात घटकांचा एक फिल्टर बनवून रिगच्या मागे लावला आणि काटा झपकन खाली. तेव्हापासून कोणी म्हटलं की बँडच्या बाहेर मॅच होत नाही, तर मी आधी फिल्टरचं विचारतो.

त्यात पुन्हा फायनल्सचं दुखणं असतंच. अँपच्या आतले फेराइट ट्रान्सफॉर्मर १.८ मेगाहर्ट्झ आणि वरसाठी असतात, ४७५ वर त्यांची रिअॅक्टन्स अपुरी पडते, म्हणजे कार्यक्षमता घसरते आणि उरलेली पॉवर उष्णता होऊन ट्रान्झिस्टरवर बसते. आणि या बँडवर करतात काय, तर बहुतेक डब्ल्यूएसपीआर (कमकुवत सिग्नल किती दूर पोचतो ते बघायचा डिजिटल प्रकार), म्हणजे दर वेळी ११० सेकंद सलग कॅरिअर. एसएसबीमध्ये (एचएफवर आवाज पाठवायच्या नेहमीच्या पद्धतीत) बोलताना अँपला श्वास घ्यायला मिळतो, इथे नाही. मी तेव्हा २० वॉटच्या वर जात नव्हतो आणि हीटसिंकवर हात ठेवून बसायचो. आता त्या बँडसाठी मी रिग ओपन करतच नाही, रिगची १ वॉटच्या आतली ड्राइव्ह घेऊन ट्रान्सव्हर्टर (रिगचा सिग्नल दुसऱ्या बँडवर नेणारी वेगळी पेटी) वापरतो, त्याचा स्वतःचा अँप आणि स्वतःचा फिल्टर. तुम्हालाही तेच सांगेन.

खरं तर नवीन बँड हवा असेल तर ट्रान्सव्हर्टर हाच नीट रस्ता आहे आणि तो डायोडवाल्यांच्या गोंगाटात मागे पडतो. रिग २८ मेगाहर्ट्झवर, म्हणजे तिच्या स्वतःच्या हॅम बँडमध्ये, कमी पॉवरवर चालते, ट्रान्सव्हर्टर तिला ७० किंवा १४४ वर नेतो. क्यूओ-१०० उपग्रहावर लोक असंच काम करतात, ४३२ मेगाहर्ट्झची रिग आणि पुढे अपकन्व्हर्टर, वर जाताना २४०० मेगाहर्ट्झ आणि उतरताना १०४८९. तिथे कोणी डायोड काढलेला नसतो.

मोजमापाबद्दल. ओपन केलेली रिग अँटेनाला लावायच्या आधी डमी लोडवर (अँटेनाऐवजी पॉवर जिरवणाऱ्या रोधावर) स्पेक्ट्रम बघा. आता टायनीएसएसारखे खिशात मावणारे स्पेक्ट्रम अॅनालायझर मिळतात त्यामुळे निमित्त उरलेलं नाही. पण १०० वॉट म्हणजे ५० डीबीएम (१ मिलिवॉटच्या तुलनेत डेसिबल), आणि त्या छोट्या यंत्राला १० डीबीएमच्या वर नेलं की गेलंच, म्हणून मध्ये ५० डेसिबलचा अॅटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा पॅड) घाला आणि त्याचा पहिला टप्पा खरंच १०० वॉट सोसणारा हवा. दुसरी गंमत म्हणजे जास्त सिग्नल दिला तर यंत्र स्वतःच हार्मोनिक बनवतं आणि आपण बिचाऱ्या रिगला दोष देत बसतो. ओळखायचं कसं, तर बाहेर अजून १० डेसिबलचा पॅड लावा. हार्मोनिक बरोबर १० नेच खाली आला तर तो रिगचा. दुसरा हार्मोनिक २० ने आणि तिसरा ३० ने कोसळला तर तो यंत्राच्या पोटातला. अमेरिकन नियमात ३० मेगाहर्ट्झच्या खालच्या नव्या ट्रान्समीटरला हार्मोनिक किमान ४३ डेसिबल खाली लागतात, १०० वॉटला म्हणजे ५ मिलिवॉटच्या आत. मी तोच आकडा धरून चालतो, देश कुठलाही असो.

आता हँडी आणि इमर्जन्सी. इथे माझं मत कडक आहे, करू नका. तांत्रिक बाजूने व्हीएचएफ हँडी १३६ ते १७४ पर्यंत बहुधा उघडते. पण पोलीस, अग्निशमन वगैरे आता कित्येक ठिकाणी डिजिटल आणि ट्रंकिंगवर (चॅनल आपोआप वाटून देणाऱ्या यंत्रणेवर) गेलेत, तुमची अॅनालॉग एफएम हँडी तिथे फक्त खरखर करणार. विमानांचा संकटाचा १२१.५ चा चॅनल १३६ च्या खाली आहे, तिथे हँडी पोचतच नाही, आणि विमानांचा बँड एएमवर चालतो, म्हणजे पोचली असती तरी तुमचं एफएमवरचं बोलणं कोणाला धड कळलं नसतं. आणि 'जीव वाचवायला कुठलीही फ्रिक्वेन्सी चालते' हे जे वाक्य सगळे तोंडपाठ म्हणतात ते अमेरिकेच्या हॅम नियमातून आलंय, त्यात अट आहे की माणसाचा जीव लगेच धोक्यात असावा आणि नेहमीची संपर्क साधनं उपलब्ध नसावीत. तुमचा देश वेगळा असेल तर ते कलम तुमचं नाहीच. जुलै २०२१ मध्ये आयडाहोत वणवा लागला होता तेव्हा एक लायसन्सवाला हॅम विझवणाऱ्यांच्या १५१.१४५ मेगाहर्ट्झवर जाऊन बोलला, त्याचं म्हणणं मदतच करत होतो, पुढच्या वर्षी एफसीसीने, म्हणजे अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने, ३४,००० डॉलर दंड प्रस्तावित केला. विमानं आणि जमिनीवरची माणसं ज्या चॅनलवर एकमेकांना सांभाळतात तिथे मध्येच अनोळखी आवाज आला तर काय होतं याचा विचार करा.

खरोखर संकटाची तयारी करायची असेल तर समुद्रावर जाणाऱ्याने डीएससीवाला (बटण दाबलं की डिजिटल संकट-हाक पाठवणारा) मरीन हँडी घ्यावा, डोंगरात जाणाऱ्याने ४०६ मेगाहर्ट्झचा बीकन, तो थेट उपग्रहाला सांगतो. शिवाय त्या सेवांमध्ये रेडिओला स्वतःचं सर्टिफिकेशन लागतं, ओपन केलेल्या हॅम रिगला ते नसतं. युरोपच्या २०१४ च्या रेडिओ निर्देशात हॅमने स्वतःसाठी बदललेल्या यंत्राला सूट आहे, पण ती सूट यंत्राला आहे, तुम्ही कुठे बोलता त्याला नाही.

ओपन केल्यानंतरचा एक धोका कोणी सांगत नाही तो म्हणजे तुमच्या चुका अडवणारं कोणी उरत नाही. माझ्या २ मीटरच्या मोबाइल रिगचा डायोड मी काढला होता, काही कारण नव्हतं, सगळे काढतात म्हणून. एकदा नवीन रिपीटर (आपला सिग्नल उचलून पुढे पाठवणारं स्टेशन) मेमरीत घालताना ऑफसेट (ऐकायच्या आणि पाठवायच्या फ्रिक्वेन्सीतलं अंतर) ०.६०० मेगाहर्ट्झऐवजी ६.००० घातला. रिपीटर १४५.७०० चा, आणि मी दहा मिनिटं हाका मारतोय, रिपीटर उघडतच नाही, मी टोनला (रिपीटर उघडणाऱ्या सुराला) दोष देतोय, अँटेनाला दोष देतोय. मग पीटीटी दाबलेलं असताना डिस्प्लेकडे लक्ष गेलं, तिथे १३९.७०० दिसत होतं. डायोड जागेवर असलेल्या रिगने पहिल्याच दाबाला एरर दाखवून ट्रान्समिट नाकारलं असतं. त्या दहा मिनिटांत तिकडे कोण ऐकत होतं देव जाणे. त्याच आठवड्यात मी डायोड परत लावला. कॉम्प्युटरवरून रिग चालवत असाल तर हा धोका अजून वाढतो, प्रोग्रामने चुकीची फ्रिक्वेन्सी पाठवली तरी रिग मुकाट्याने तिथे जाते.

एवढं वाचून ६० मीटरसाठी काढायचंच ठरलं असेल तर हाताचं काम असं. झाकण उघडल्यावर पहिल्यांदा बोर्डवर छापलेला नंबर बघा, कारण एकाच मॉडेलच्या पुढच्या उत्पादनात बोर्ड बदललेला असतो आणि नेटवरचा फोटो जुन्या बोर्डचा असतो, तिसराच डायोड काढून बसलेले लोक मी पाहिलेत. पॉवर केबल काढा, आत बॅटरी असेल तर तीही काढा, मनगटाला अर्थ पट्टी. डायोड तांदळाच्या कणीएवढा असतो, तो चिमट्याने उपटायचा नाही, पॅडसकट निघतो आणि मग ट्रॅक जोडत बसा. बारीक टोकाच्या दोन सोल्डरिंग आयर्नने दोन्ही टोकं एकदम तापवा, किंवा एकच असेल तर डायोडवर मुद्दाम ताजं सोल्डर घालून दोन्ही टोकं एका थेंबात आणा, दोन-तीन सेकंदात तो आपोआप सरकतो. आजूबाजूला उष्णता सोसणारी पिवळी टेप लावली की शेजारचे पार्ट हलत नाहीत.

त्यानंतर बहुतेक रिगना फुल रीसेट द्यावा लागतो तेव्हाच प्रोसेसर नवी रांग मान्य करतो, आणि रीसेटमध्ये मेमरी, मेनू सगळं पुसलं जातं, म्हणून आधी कॉम्प्युटरवर काढून ठेवा. काही रिगना कारखान्यातल्या कॅलिब्रेशनचा लपलेला मेनू असतो, बटणांची चुकीची जोडी दाबून तिथे शिरलात तर काही न बदलता बाहेर या, आणि शक्य असेल तर ते आकडे आधीच वहीत उतरवून ठेवा, नाहीतर पॉवर आणि एस मीटर (सिग्नलची ताकद दाखवणारा) दोन्ही भरकटतात.

निघालेला डायोड फेकू नका, छोट्या पिशवीत घालून झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा आणि कुठल्या जागेचा आहे ते लिहून ठेवा. रिग विकायची वेळ आली की घेणाऱ्याला आधीच सांगा की ही उघडलेली आहे, हवं तर लावून देतो. तुमचीच रिग सेकंडहँड आहे, तेव्हा झाकण उघडल्यावर आधी तीच पिशवी आत सापडते का बघा, कदाचित आधीच्या मालकाने काम उरकून ठेवलं असेल.